छप्पन ते सहासष्ट

स्ट्रोक तोच राहणार, पन्नास मिलीमीटर.
पिस्टनचं वर-खाली जाणं होतं तितकंच.
वाढणार ती फक्त छाती:
छप्पनची सहासष्ट.

माझंही तसंच झालं, जशुभाई.
उंची कॉलेजात होती तीच,
पट्टा मात्र दर चार वर्षांनी एक भोक पुढं.
बावन्न किलोच्या पोराला ही
महीच्या कोतरांतून उचलून न्यायची
सव्वाशे सीसीत, हसतखेळत.
आता शहाऐंशी किलो तिच्या पाठीवर.
चढाला दुसऱ्या गिअरमध्ये धाप लागते,
मी उतरतो, ढकलतो,
दोघंही एकमेकांकडं न बघता.

सिलिंडर आला नैरोबीहून,
तुमच्या साडूच्या बॅगेत, दोन फुलाफुलांच्या कापडांत गुंडाळून.
कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय?
साडू म्हणाला, खलबत्ता.
अगदीच खोटं नव्हतं ते.

शैलजा म्हणाली, गुडघ्याचं ऑपरेशन म्हटलं की पुढच्या वर्षी,
आणि हिला भाग परदेशातून!
मी गप्प.
किक मारणारा गुडघा तोच,
हे तिलाही ठाऊक आहे.

मकरपुरा जीआयडीसी, दुपारचे तीन.
पत्र्याखाली पंखा गरम हवाच ढवळतो.
बाकावर इंजिन दोन फाकांत उघडलेलं,
क्रँक वर्तमानपत्राच्या भविष्याच्या पानावर,
गास्केटचे सत्तेचाळीस वर्षांचे पापुद्रे ब्लेडनं खरवडलेले.
जुन्या पिस्टनवर उभा ओरखडा:
त्र्याऐंशी साल, सिंधरोट,
पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरलो होतो.
अंगठा फिरवला की अजून लागतो.

केसचं तोंड लहान पडतं.
नव्या सिलिंडरचा गळा आत उतरायचा
तर गोल फिरून धातू काढावा लागणार.
जशुभाईंनी डायल लावला,
सुई थांबेस्तोवर स्वतःही थांबले,
मग मान वर न करता म्हणाले,
"काका, कापेलुं पाछुं नथी आवतुं."

मी मान हलवली.
ती त्यांना दिसली नाही.
म्हणून मोठ्यानं म्हणालो, कापा.

मग चुरा. चंदेरी, कुरळा,
चहाच्या बशीत, त्यांच्या भुवईत, माझ्या बाहीवर.
तासाभरात तिचं सव्वाशेपण फरशीवर पडलं होतं
आणि शेडमधला पोरगा ते सुपलीत भरत होता.
थांब, म्हटलं. चिमूटभर खिशात टाकलं.
(रात्री धुणं भिजवताना शैलजाच्या बोटात गेलं.
तिनं चिमट्यानं काढलं, काही विचारलं नाही,
काडेपेटीत ठेवून दिलं.)

होनिंगच्या तिरप्या रेघा.
रिंगेच्या फटीत फीलरची पाती, जरा अडत, जरा सरकत.
पोर्टच्या कडेवरून जशुभाईंची करंगळी फिरली,
मुलाच्या ओठावरचं दूध पुसावं तशी.

सातव्या किकला ती बोलली.
पूर्वी किणकिणायची.
आता आवाज खाली आलाय,
ओसरीवर कुणी मोठ्या माणसानं घसा खाकरावा तसा.
निळा धूर पंख्यात गेला आणि सगळीकडं वाटला गेला.
गुडघा दुखला, सांगितलं नाही.

हात पुसत जशुभाईंनी अट घातली:
लिटरला चाळीस मिली तेल,
आणि पहिले पाचशे किलोमीटर
अर्ध्याच्या वर मूठ पिळायची नाही.
रिंगा बसू द्या.

रविवारी सिंधरोट. मीटर शून्यावर आणून निघालो,
काठोकाठ दूध नेल्यासारखं.
कोतराचा तो चढ तिथंच आहे,
त्र्याऐंशीत ती ज्याच्या मध्यावर विझली तो.
खाली उभा राहिलो. इंजिन चालू, माती तापलेली,
मुठीत अर्धी मूठ शिल्लक,
वापरायची नाही अशी.
वरून एक शेळी बघत होती,
ती सरळ चढून गेली होती.

गाडी वळवली.
मीटरवर सतरा.
परतीचे सतरा धरले तर चौतीस,
उरतात चारशे सहासष्ट.

म्हणून भायलीवरून आलो,
लांबच्या रस्त्यानं.